नेस्टा प्रोबर्ट तटस्थ राहिली

वेल्समधल्या कुमहेलिगच्या खोऱ्यात मेंढीच्या गळ्यात कामगारांच्या पक्षाची लाल फीत बांधून तिला निवडणुकीला उभं केलं तरी ती निवडून येईल, असं लोक म्हणायचे. हसत म्हणायचे, पण त्या हसण्यात अभिमानही असायचा. नेस्टा प्रोबर्ट त्या मेंढीविरुद्ध सहा वेळा उभी राहिली आणि सहाही वेळा आपटली.

तिचा बाप खाणीत, बापाचा बापही खाणीत. खाणीत लाल, युनियनमध्ये लाल, क्लबात लाल, आणि रविवारी चॅपल सुटलं की पायऱ्यांवर उभं राहून जे काही बोलणं व्हायचं तेही लालच. नेस्टानं शाळा लवकर सोडली, केस कापायला शिकली आणि इथेल प्रोबर्टशी लग्न झाल्यावर पोस्टाशेजारी दोन खुर्च्यांचं दुकान थाटलं. इथेल बस चालवायचा. शुक्रवारी खोऱ्यातल्या बायका केस सेट करून घ्यायला दुकानात यायच्या. गरम हवेच्या टोपाखाली बसलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून त्या ओरडून बोलायच्या. कुणाच्या सुनेचं बिनसलंय, कुणाचा नवरा क्लबातून सरळ घरी जात नाही, हे नेस्टाला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं.

ती राजकारणात पडली ती सांडपाण्यामुळे. तिच्या आईचं घर ओळीत सगळ्यात खालचं. दर हिवाळ्यात मागचा नाला तुंबायचा आणि काळं पाणी स्वयंपाकघरात शिरायचं. नेस्टा कौन्सिलरकडे गेली. कौन्सिलर म्हणजे ट्रेवोर बोवेन, तिच्याच वर्गातला. त्याच्या आधी त्याचा बाप कौन्सिलर होता.

"तुझ्या बाबांना पाठव," ट्रेवोर म्हणाला. "ते युनियनमध्ये विषय काढतील, मग तो माझ्याकडे येईल. काही रीत असते ना, नेस्टा."

"पाणी आईच्या चुलीत शिरलंय, ट्रेवोर. ते काही रीत बघून शिरलं नाही."

"तू केस काप गं बाई," तो हसत म्हणाला. "नाल्याचं बघू."

त्या आठवड्यात दुकानात इडवल पग मास्तर बायकोचे केस होईपर्यंत पेपर वाचत बसले होते. खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शिकवलेलं, नेस्टालाही. वेल्सचा कारभार वेल्समधूनच चालावा म्हणणाऱ्या पक्षाचे ते खोऱ्यातले जवळजवळ एकटेच कार्यकर्ते. नेस्टा ट्रेवोरच्या नावानं बोटं मोडत होती ते त्यांनी ऐकलं.

"मंगळवारी संध्याकाळी चॅपलमागच्या खोलीत ये," ते म्हणाले.

"कशाला, मास्तर?"

"भांडायला. इथे आरशाशी भांडतेस, तिथे माणसं आहेत."

माणसं पाच होती, आणि वीस जणांना पुरेल एवढी चहाची किटली. पण नेस्टाला वाटलं, आपण बोललो ते इथे कुणीतरी लिहून घेतलं. तेवढ्यावर ती अडकली ती अडकलीच.

पहिल्यांदा उमेदवारी भरली तेव्हा बापानं ताटावरून मान वर न करता विचारलं, "त्या कागदावर माझं नाव घालणार?"

"मी प्रोबर्ट आहे आता, बाबा."

"मग ठीक आहे. प्रोबर्टांची अब्रू जाऊ दे."

मरेपर्यंत तो तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. नाला मात्र दुरुस्त झाला. नेस्टा हरली त्याच वर्षी. ट्रेवोरनं पत्रकावर त्याचा फोटो छापला.

हरण्याचंही तिला काही वाटलं नसतं, पण दर वेळी निकालानंतरचा शुक्रवार यायचा. बायका खुर्चीत बसायच्या, आरशातून तिच्याकडे बघत म्हणायच्या, "मी तुलाच दिलं हो, नेस्टा." एकीनं म्हटलं की दुसरी टोपाखालून ओरडायची, "मी पण!" त्या महिन्यात नेस्टानं जेवढी डोकी धुतली होती तेवढीही मतं तिला पडलेली नसायची.

"पुढच्या वेळी कात्री कानापाशी धर आणि मग विचार," इथेल म्हणायचा.

पुढे कार्डिफला वेल्सची स्वतःची विधानसभा आली. तिथल्या निवडणुकीत माणूस दोन मतं देतो, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांवरून काही जागा पक्षाच्या यादीतल्यांना मिळतात. पग मास्तरांनी भांडून नेस्टाचं नाव यादीत वर घालायला लावलं. पाचव्या खेपेला कुमहेलिगनं तिला पाडलं, आणि त्याच निकालात यादीनं आत नेलं.

"मागच्या दारानं का होईना, शिरलीस," ट्रेवोर मतमोजणीच्या हॉलमध्ये म्हणाला.

"पुढच्या दाराला तू कुलूप घालून बसलायस ना."

ती दुकान शेजारच्या मुलीवर सोपवून सोमवारच्या गाडीनं कार्डिफला जायला लागली. वय पन्नाशीकडे झुकलेलं. विरोधी बाकावर बसून ती प्रश्न विचारायची, आणि उत्तर यायचं, "सन्माननीय सदस्यांच्या तळमळीचा मी आदर करतो." तळमळीचा आदर झाला की विषय संपला. तिनं मांडलेल्या दुरुस्त्या पडायच्या. एकदा तिचीच फेटाळलेली सूचना सहा महिन्यांनी नवं नाव घेऊन सरकारी योजना म्हणून आली, आणि टाळ्या वाजवाव्यात की नाहीत हे तिला कळेना. शेजारी बसणारी मॅब्ली कुजबुजली, "वाजवू नका, नेस्टा. त्यांना वाटेल आपण खूश झालो." मॅब्ली तरुण, वकिलीतून आलेली, जिभेला धार. नेस्टाचा तिच्यावर जीव होता.

कुमहेलिगचं छोटं हॉस्पिटल खाणकामगारांनी बांधलेलं. दर आठवड्याला पगारातून थोडं थोडं कापून. नेस्टाच्या बापाचंही कापलं गेलेलं. नेस्टा तिथेच जन्मली, खोऱ्यातलं सगळं गाव तिथे जन्मलं. ती कार्डिफला जायला लागल्यावर काही वर्षांनी तिथला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. पाटी लावली होती, "तात्पुरता बंद". सुइणी मिळत नाहीत, असं कारण दिलं. बाळंतपणाला आता डोंगर ओलांडून पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. ट्रेवोर गप्प बसला, कारण बंद करणारे त्याचेच होते. नेस्टानं सह्या गोळा केल्या, मोर्चा काढला, विधानसभेत प्रश्न विचारले. तळमळीचा आदर होत राहिला.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी आनवेन नावाची मुलगी पोटावर हात धरून इथेलच्या पहिल्या बसमध्ये चढली. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. रुग्णवाहिका येते येते म्हणत आली नव्हती. बसमध्ये सफाईला जाणाऱ्या दोन बायका आणि एक म्हातारा. डोंगरमाथ्यावर धुकं एवढं की इथेलला स्वतःच्या काचेवरचे वायपर कसेबसे दिसत होते. तिथे त्याला बस थांबवावी लागली. त्या दोन बायकांनी जे करता येईल ते केलं. इथेलनं अंगातला कोट काढून दिला. बाळ, मुलगा, रडलाच नाही.

इथेलनं पुन्हा डोंगरावरची पाळी घेतली नाही. घरीही तो त्यावर एकदाच बोलला, "कोट परत नको म्हणून सांग त्यांना," एवढंच.

नेस्टा आनवेनला भेटायला गेली. आनवेन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली. चहा निवून गेलेला.

"पेपरवाले आले होते," आनवेन म्हणाली. "मी दार उघडलं नाही. नेस्टा, मला पोस्टर करू नका."

"नाही करणार."

"मोर्च्यातसुद्धा नको. त्याचं नाव आम्ही ठेवलंय, ते फक्त आम्हालाच माहीत आहे. तसंच राहू दे."

"तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, पोरी," नेस्टा म्हणाली. आणि गेली नाही. पक्षानं सांगितलं, तुझ्या हातात एवढी गोष्ट आहे ती वापर, तरी तिनं कधी तोंड उघडलं नाही. मॅब्लीनं दोनदा विचारलं. नेस्टानं दोनदा नाही म्हटलं.

पुढच्या दोन निवडणुकांत नेस्टा फक्त यादीवर उभी राहिली. तिच्या तिसऱ्या मुदतीत सरकार लंगडं झालं. एक मंत्री आजारी पडून गेला, एक सदस्य रुसून बाहेर पडला, आणि अर्थसंकल्पाच्या वेळी दोन्ही बाजूंना समसमान माणसं उरली. विरोधकांतल्या एकानं नुसता हात आखडता घेतला तरी सरकार वाचणार होतं. आरोग्यमंत्री गेथिन वॉननं नेस्टाला आपल्या खोलीत बोलावलं.

एवढ्या वर्षांत मंत्र्याच्या खोलीत ती खुर्चीवर बसली नव्हती. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा आणि निघायचं, एवढंच. वॉननं स्वतः किटली लावली. साखर किती, विचारलं.

"नेस्टा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "मला तुमची गरज आहे. हो म्हणा असं म्हणत नाही. विरोधात बटण दाबू नका, एवढंच. तटस्थ राहा. कुमहेलिगचा विभाग उघडतो. लेखी देतो."

"आणि बाकीच्या अर्थसंकल्पाचं काय? तुम्ही ग्रंथालयं बंद करताय. बस तोडताय."

"ते वाईटच आहे," वॉन म्हणाला. "पण मला एक सांगा. हा विभाग तुमच्यासाठी एवढा का? तुम्ही नसतात तर हा विषय केव्हाच गाडला गेला असता. सगळे इतर विषयांवर गेले, तुम्ही गेला नाहीत. का?"

असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. पक्षानं नाही, खोऱ्यानं नाही, टोपाखालून "मी पण!" ओरडणाऱ्यांनी तर नाहीच. खिडकीबाहेर खाडीवर पाऊस पडत होता, चहा चांगला गरम होता. नेस्टानं सांगितलं. डोंगर, धुकं, बस, कोट. नाव सांगितलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. वॉननं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला.

खोलीबाहेर आल्यावर लिफ्टच्या आरशात तिनं आपला चेहरा बघितला. गाल लाल झाले होते.

ती पग मास्तरांकडे गेली. मास्तर आता ऐंशीच्या पुढचे. मांडीवर शाल, पुढ्यात लोणी लावलेला मनुकांचा पाव.

"लेखी देतोय, मास्तर."

"देईल ना. त्याचं काय जातंय."

"विभाग उघडेल. बायकांना डोंगर ओलांडावा लागणार नाही."

"आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या बायकांची बस जाईल. त्या कुणाच्या पोरी?" मास्तर पाव चावत राहिले. "नेस्टा, आपण विरोधात आहोत. भीक मागायला बसलेलो नाही."

"पंचवीस वर्षं विरोध करून काय मिळालं, सांगा ना. एक नाला!"

"ते त्यांना विचार. त्यांनी दिलं नाही."

"तुम्हाला काय जातंय, मास्तर. तुम्हाला पोर जन्माला घालायचं नाही." बोलल्यावर तिनं जीभ चावली. मास्तरांची मुलगी लहानपणीच गेलेली, हे गावाला ठाऊक होतं.

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. "दार ओढून घे जाताना," ते म्हणाले.

मतदानाच्या दिवशी चर्चेला उत्तर द्यायला वॉन उभा राहिला. नेस्टा आपल्या जागेवर, मॅब्ली शेजारी. ग्रंथालयांवर तो बोलला, बसवर बोलला, आणि मग आवाज खाली आणला.

"एका खोऱ्यातल्या एका तरुण आईची गोष्ट मी ऐकली," तो म्हणाला. "डोंगरमाथ्यावर धुक्यात थांबलेली एक बस. ड्रायव्हरनं अंगातला कोट काढला..."

कोटापर्यंत सगळं सांगितलं त्यानं. छान सांगितलं. समोरच्या बाकावर एकीनं डोळे पुसले. मॅब्लीनं सावकाश मान वळवून नेस्टाकडे पाहिलं.

"आम्ही विचारलं तेव्हा नाही म्हणालात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आणि यांना दिलीत?"

नेस्टाच्या पुढ्यात तीन बटणं होती. अजूनही विरोधात दाबता आलं असतं. सरकार तिथल्या तिथे आडवं झालं असतं, वॉनचा चेहरा बघण्यासारखा झाला असता, मास्तरांनी घरी टीव्हीपुढे टाळी वाजवली असती. पण मग आनवेनची गोष्टही गेली असती आणि विभागही. जे विकलं गेलं त्याचं मोलही हाती आलं नसतं. असा हिशेब आपल्याला सुचतो याचीच तिला शिसारी आली, आणि तिनं तटस्थचं बटण दाबलं.

सरकार वाचलं. पक्षानं दुसऱ्या दिवशी तिला काढलं. मॅब्लीनं टीव्हीवर सांगितलं, "नेस्टा प्रोबर्ट यांनी आम्हालाच नाही, सगळ्या वेल्सला विकलं." तिच्यापुढे माईक धरले होते आणि तिला ते आवडत होतं, हे नेस्टाला दिसलं.

घरी इथेल स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

"पाहिलंस?" नेस्टानं विचारलं.

"पाहिलं."

"विभाग उघडतोय, इथेल."

"हं."

"मी नाव सांगितलं नव्हतं."

"या खोऱ्यात त्या सकाळची बस दुसरी कुठली होती?" त्यानं सुरी खाली ठेवली. "मी तुझ्याजवळसुद्धा सगळं बोललो नाही. जेवढं बोललो तेवढं तू त्या माणसाला चहाबरोबर दिलंस, बिस्किटासारखं."

"विभागासाठी दिलं!"

"असेल. पण तू त्या दिवशी घरी आलीस तेव्हा गुणगुणत होतीस. मी ऐकलं. तुला कुणीतरी साहेबानं विचारलं, तू खूश होतीस."

तिनं पुढे होऊन बटाट्यांचं पाणी ओतून दिलं. ते खरं होतं की नव्हतं, हे तिला पुढे कधीही नक्की ठरवता आलं नाही, आणि सगळ्यात जास्त तिला तेच खात राहिलं.

आनवेनच्या घरी ती दुसऱ्या दिवशी गेली. आनवेननं दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"मी इस्त्री करत होते. रेडिओ चालू होता," आनवेन म्हणाली. "तो माणूस बोलायला लागला. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे. मग कोट आला."

"आनवेन, मी..."

"आत येऊ नका. नवरा आहे घरात."

एवढंच. ती कधी कुणाला काही बोलली नाही, पेपरात नाही, चॅपलमध्ये नाही. रस्त्यात नेस्टा दिसली की पलीकडच्या बाजूला जायची. केस कापायला दोन गावं सोडून जायला लागली.

पग मास्तर त्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या पुतण्यानं फोन केला. मयताला यायला हरकत नाही, म्हणाला, पण काकांनी सांगून ठेवलंय की नेस्टानं बोलायचं नाही. ती गेली. चॅपल खचाखच भरलेलं. सगळी माणसं चार सुरांत गात होती आणि नेस्टाच्या तोंडातून सूर फुटत नव्हता. बाहेर पडताना पक्षाची जुनी माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी अशी निघून गेली, की ती जणू वाटेतला खांब होती.

विभाग वसंतात उघडला. फीत कापली गेथिन वॉननं, आणि दुसऱ्या टोकाला कात्री धरायला ट्रेवोर बोवेन. भिंतीवर पितळी पाटी, तिच्यावर त्या दोघांची नावं. नेस्टाला बोलावणं होतं, तिसऱ्या रांगेचं. तिथे बसून तिनं टाळ्या वाजवल्या.

"लोकांच्या लढ्याला यश आलं," ट्रेवोर माईकवर म्हणाला.

नंतर चहाच्या टेबलाशी तो जवळ आला. "राग मानू नको हं. आज तुझं नाव घेतलं असतं तर तुझेच लोक ओरडले असते."

"माझे लोक कोण आता, ट्रेवोर?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "केक घे ना," म्हणाला.

पुढच्या निवडणुकीत यादी नव्हती, पक्ष नव्हता. नेस्टा कुमहेलिगमधून अपक्ष उभी राहिली. तिला मनापासून वाटत होतं, या वेळी तरी खोरं काहीतरी देईल. दोन-अडीच वर्षांत त्या विभागात पोरं जन्मली होती. प्रचाराला ती दारोदार हिंडली तेव्हा काही आयांनी ती हातात घेऊन दाखवली. "तुमच्यामुळे हो," म्हणाल्या. पण दुसऱ्या बाजूला जुन्या पक्षाची पत्रकं फिरत होती, "एका मताची किंमत". आणि पलीकडच्या खोऱ्यातून बस बंद झालेल्या बायका मुद्दाम कुमहेलिगला येऊन सभेत ओरडून जात होत्या. अपक्षाचं डिपॉझिट जप्त झालं. ट्रेवोरची मुलगी निवडून आली. शुक्रवारी नेस्टानं दुकान उघडलंच नाही.

मग दिवस फिरले. ज्या खोऱ्यात मेंढीसुद्धा निवडून आली असती तिथे लालांचा रंग उडाला. लोक कंटाळले होते. नेस्टाचा जुना पक्ष, पाच माणसांचा आणि एका किटलीचा, कार्डिफला सरकारात आला. इथेलनं टीव्हीवर शपथविधी लावला. मॅब्ली आरोग्यमंत्री झाली. तिच्या कोटावर वेल्सची खूण असलेलं पिवळं फूल होतं.

"मास्तरांनी बघायला हवं होतं," इथेल म्हणाला.

"बघितलं नाही ते बरं," नेस्टा म्हणाली आणि उठून कपडे वाळत घालायला गेली. बाहेर पाऊस होता. ओले कपडे घेऊन ती परत आली.

वर्षभरात मॅब्लीच्या खात्याचं पत्रक निघालं. कुमहेलिगच्या विभागाला पुरेशा सुइणी मिळत नाहीत, सुरक्षिततेच्या दृष्टीनं तो तात्पुरता बंद करावा लागत आहे. त्याआधी मॅब्लीनं नेस्टाला फोन केला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"नेस्टा, बातमी तुम्हाला बाहेरून कळू नये, म्हणून फोन केला. माझ्याजवळ खरंच माणसं नाहीत हो. एका पाळीला एकच सुईण. काही झालं तर?"

"डोंगरावर काही झालं तर?"

"तुम्ही समजून घ्याल असं वाटलं होतं," मॅब्ली म्हणाली. "तडजोड काय असते ते तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," नेस्टा म्हणाली. "तुला ते टीव्हीवर सांगता येतं, मला नाही आलं." आणि फोन ठेवला.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मॅब्ली मंचावर, बाजूला दोन अधिकारी. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. सगळ्यात पुढे ट्रेवोर, मुलगीही पडल्यामुळे आता दोघंही विरोधात. तो उठून असा तावातावानं बोलला की लोक बघतच राहिले. खाणकामगारांच्या पैशांनी बांधलेलं, म्हणाला. आमच्या आयांनी इथे कळा सोसल्या, म्हणाला.

नेस्टानं हात वर केला. अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हिनं एकदा विकलंय, आता काय परत विकायचंय?" हॉलमध्ये हसू फुटलं. जुनी गिऱ्हाइकंही हसली, तोंडावर हात ठेवून. नेस्टानं हात खाली घेतला.

तेवढ्यात भिंतीपाशी आनवेन उभी राहिली. आता चाळिशीची, केसात पांढरं. तिनं माईक घेतला नाही.

"त्याचं नाव ग्रिफ होतं," ती म्हणाली.

आनवेननं सगळं सांगितलं. वॉननं सांगितलं होतं तसं छान नाही. मध्ये मध्ये थांबत, मागचं पुढे पुढचं मागे करत. सफाईवाल्या बायकांपैकी एक तिला रागावत होती, 'श्वास घे, मूर्ख पोरी, श्वास घे', तेही सांगितलं. म्हातारा पाठ करून उभा राहिला आणि देवाचं गाणं चुकीच्या चालीत गात राहिला, ते सांगितलं. बसच्या पायरीवर रक्त होतं आणि ते कोण धुणार याचीच आपल्याला लाज वाटत होती, हेही सांगितलं. यातलं काहीच नेस्टाला माहीत नव्हतं. दाराशी इथेल उभा होता. तो टोपी चुरगाळत बाहेर गेला.

मॅब्ली रडली. खरोखरच रडली. मग डोळे पुसून म्हणाली की निर्णय बदलता येणार नाही.

सभा सुटल्यावर अंगणात नेस्टानं आनवेनला गाठलं. पावसाचे बारीक थेंब पडत होते.

"आनवेन," ती म्हणाली. "मला माफ कर, असं म्हणायला मी आले नाही. म्हणायचा अधिकार नाही."

"नका म्हणू," आनवेन म्हणाली. तिनं छत्री उघडली, पण वर धरली नाही. "आज मी सांगितलं, कारण ते माझं होतं. बाहेरच्या कुणाच्या तोंडून ते गावाला कळलं होतं, ते मला पुसून काढायचं होतं. विभागासाठी नव्हतं. विभाग जाणारच, ते काय मला कळत नाही?"

"हो."

"आणि तुमच्यामुळे तो मध्ये उघडला, हेही मला कळतं. माझी धाकटी तिथेच झाली. पण म्हणून आपलं काही फिटलं, असं समजू नका."

"नाही समजणार."

आनवेन मान हलवून निघून गेली.

विभाग ऑक्टोबरात बंद झाला. भिंतीवरची पितळी पाटी बरेच दिवस तशीच राहिली, मग कुणीतरी चोरली. पितळाला भाव आहे. नेस्टाच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिनं दुकान त्या शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. आता ती आठवड्यातून दोनदा वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांचे केस कापते. त्यांतल्या बऱ्याच जणांना ती कोण हे आठवत नाही. ट्रेवोर बोवेनही तिथेच असतो हल्ली, बायको गेल्यापासून. त्याच्या डोक्यावर फारसे केस नाहीत, पण तो रांगेत बसतो.

"पुढच्या महिन्यात कौन्सिलची निवडणूक आहे," तो परवा म्हणाला. "तुझी माणसं पडतील बघ. लोक वैतागलेत त्यांच्यावर."

"पडू देत," नेस्टा म्हणाली. "मान खाली कर."